आत राहिलेला गोटा

कडुबाचा दहावा सुखना नदीच्या काठावर झाला. पाऊस नव्हता, पण आभाळ पार खाली उतरून आलं होतं. पिंड मांडून झाले, पाणी सोडून झालं आणि सगळी माणसं मागं सरून उभी राहिली. समोरच्या बाभळीवर कावळे होते, चांगले झाडभर होते. पिसं साफ करत होते, एकमेकांना ढोसत होते, मधूनच मान वाकडी करून पिंडांकडं बघत होते. खाली मात्र एकही येईना.

मग अशा वेळी जे चालतं ते सुरू झालं. माणसं एकेक करून पुढं यायला लागली आणि मेलेल्याला कबूल करायला लागली. भावकीतले वडीलधारे आप्पासाहेब म्हणाले, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. सून मेघा म्हणाली, पोरीला हवं तेवढं शिकवू. कुणी खंडोबाच्या पायरीचं कबूल केलं, कुणी बैलजोडीचं. त्या घरात बैल नाहीसे होऊन जमाना झाला होता, पण मेलेल्यासमोर माणूस हात आखडता घेत नाही. कावळ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जागेवरून हलले नाहीत.

शेवटी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सोम्याला म्हणावं, नोकरी सोडतो म्हण. मंग बघा येतेत का नाय."

सगळ्यांनी सोमनाथकडं बघितलं. तो कडुबाचा एकुलता एक. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. विमानतळावर पाखरं हाकलायची ही त्याची नोकरी. विमान उतरायच्या आधी आणि उडायच्या आधी धावपट्टीच्या कडेला उभं राहायचं, सुतळी बॉम्ब वाजवायचे, शिट्ट्या फुंकायच्या आणि घारी, बगळे, टिटव्या, कावळे असतील नसतील ते उठवून लावायचे. गावातली बाकीची पोरं कंपनीत आणि हा पाखरांमागं, म्हणून लोक थट्टा करायचे. विमानतळाच्या पाटीवर शब्द आंतरराष्ट्रीय, विमानं मोजकीच आणि त्यातला आपला माणूस कावळे हाकलणारा. आज तोच कावळ्यांसमोर हात जोडून उभा होता.

सोमनाथनं तसं कबूल केलं नाही. तोंडानं नुसतं म्हणायला काय जात होतं, असं नंतर गाव म्हणालं. पण त्याच्या पगाराशिवाय घरात चूल पेटत नव्हती आणि बापासमोर खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तो खाली मान घालून उभा राहिला. दिवस डोक्यावर आला तसे गुरुजी घड्याळात बघायला लागले, त्यांना पुढं आणखी एकीकडं जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि सगळ्यांना आंघोळी करायला सांगितलं. शास्त्राचं भागलं. सारजाबाईचं भागलं नाही. नवरा उपाशी राहिला, एवढं एकच ती घरी येईपर्यंत म्हणत होती.

*

आज जिथं धावपट्टीचं टोक आहे, तिथं एके काळी कडुबाचं रान होतं. धावपट्टी लांबवायची ठरली तेव्हा ते गेलं. एकट्याचं गेलं नव्हतं, सगळ्या वाडीचं गेलं होतं, त्यामुळं कडुबानं त्याचं कधी रडगाणं गायलं नाही.

ज्वारीची राखण करावी तर कडुबानं, असं त्या शिवारात म्हणत. कणसात दाणा भरला की तो मचाणावर चढायचा तो सुगी होईपर्यंत. एकदा तिथूनच पडला आणि डावा पाय कायमचा अधू झाला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा वर. हातात गोफण आणि घशात हाळी. हाळी खालून सुरू व्हायची, चढत जायची आणि टोकाला गेल्यावर फाटायची. ती ऐकली की पाखरांचा थवा ज्वारीतून उठून थेट ओढ्यापलीकडं जायचा.

गोफणीचे गोटे त्यानं सुखनेच्या पात्रातून वेचून आणलेले, लिंबाएवढे, सगळे एका घडणीचे. ते चुन्यात बुडवून पांढरे केलेले, म्हणजे काळ्या रानात दिसावेत. फेकलेला प्रत्येक गोटा संध्याकाळी वेचून आणायचा हा त्याचा नेम. रानात गोटा राहिला तर फाळ मोडतो, हे सांगायचं कारण. पण खरं म्हणजे पिशवीत सगळे गोटे परत आल्याशिवाय तो भाकरीला शिवायचाच नाही. सारजाबाई नवी नवरी होती तेव्हा भाकरी झाकून दारात बसायची आणि रानात कंदील सरळ रेषेत जाताना, टोकाला वळताना आणि पुन्हा सरळ येताना बघत राहायची. तासातासानं, म्हणजे नांगराची एकेक ओळ धरून, शोधायची त्याची रीत होती.

रान सोडायला लागलं त्या दिवशी ज्वारी हुरड्यात होती. कडुबा त्या दिवशीही राखणीला गेला. उद्या तिथं मशीन फिरणार हे माहीत असून गेला. संध्याकाळी एक गोटा मिळाला नाही. अंधार पडला, सकाळी तारेचं कुंपण पडलं, मागनं भिंत उठली. तेव्हापासून कडुबा ताटात शेवटचा घास तसाच ठेवून उठायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, एक गोटा आत राहिलाय, तो घावला की खाईन. लोक हसायचे आणि तोही हसायचा. पुढं म्हाताऱ्याची खोड म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मेघा लग्न होऊन आली तेव्हापासून तो घास कुत्र्याला घालत होती.

सोमनाथला विमानतळावर काम लागलं तेव्हा कडुबाला फार आनंद झाला. बापानं जिथं पाखरं हाकलली तिथंच पोरगा हाकलतोय, असं तो भेटेल त्याला सांगायचा. जुना ओढा जिथं भिंतीखालून आत जातो तिथं लोखंडी गज बसवलेले आहेत. त्या गजांपाशी दगडावर बसून तो रोज दिवस कलताना आत बघायचा. तक्रार एकच होती. बॉम्ब वाजवून राखण होत नसती, गोफण घे, असं तो पोराला म्हणायचा. सोमनाथनं एकदा त्याला समजावून सांगितलं, की धावपट्टीवर खडासुद्धा चालत नाही. विमानाच्या इंजिनानं खडा ओढून घेतला तर मोठा घोटाळा होतो. साहेब रोज सकाळी जीपमधून फिरून खडे वेचायला लावतात.

कडुबाला तो नियम एकदम पटला. "मंग त्यान्ला आपला गोटा घावला आसंल की," तो म्हणाला. "इचार बरं एकदा."

सोमनाथनं विचारलं नाही. साहेबांना काय विचारणार, की तुमच्या धावपट्टीत माझ्या बापाचा गोटा पडलाय का? दोनचारदा आठवण करून देऊन कडुबा गप्प बसला आणि पुढं पावसाळ्यात तापानं गेला.

*

दहाव्यानंतर सारजाबाई रोज स्वयंपाक झाला की पहिलं पान पत्र्यावर ठेवायची. कावळे गल्लीत होते. शेजारच्या पत्र्यावर उतरायचे, पाण्याच्या टाकीवर बसायचे, तारेवर रांग धरायचे. कडुबाच्या पत्र्यावर मात्र एकही उतरत नव्हता. पान उन्हात वाळायचं आणि संध्याकाळी तिला ते काढून आणावं लागायचं. शिडीवरून ती एकेक पायरी चाचपत उतरायची, पण मेघाला ती वर चढू द्यायची नाही.

पुढं पुढं कावळे घरावरून उडेनासेही झाले. सरळ येताना दिसायचे, घराच्या अलीकडं वळायचे, वळसा घालून पलीकडं निघायचे. मेघानं हे आधी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. मग पोरगी संस्कृती शाळेतून येऊन म्हणाली, आपल्या घरावर आभाळात भोक पडल्यासारखं दिसतं. मेघानं तिला गप्प केलं आणि स्वतः मात्र आभाळाकडं बघायचं टाळायला लागली.

अशात पितृपंधरवडा लागला. वाडीला कावळ्याची गरज पडली. ज्यांना वर्षभर दगड मारायचे त्यांना आता काव काव करून हात जोडायचे दिवस. आप्पासाहेबांचं घर समोरच. त्यांच्या वडिलांच्या तिथीला सोमनाथ सवयीनं मदतीला गेला, पत्र्यावर पान ठेवायला शिडी धरून उभा राहिला. घरादारानं काव काव केलं. कुणी येईना. जेवायला बोलावलेले लोक ताटकळत ओट्यावर बसले, आतून वड्यांचा वास येत होता. आप्पासाहेब बराच वेळ चुळबुळ करत होते. मग ते जवळ आले, सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सोमा, तू जरा घरी जाऊन बस. राग मानू नको, बाबा. ते वळखतेत तुला."

सोमनाथ शिडी सोडून निघाला. गल्ली ओलांडून आपल्या दारात पोचतो तोच मागं पंखांची फडफड झाली आणि आप्पासाहेबांच्या घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दारात सारजाबाई उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. सोमनाथला इतकी लाज वाटली, की तो न जेवता आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं जाहीर केलं, की सर्वपित्रीला कडुबाचं पान घालायचं. आप्पासाहेबांनी सांगून पाहिलं, वर्ष व्हायच्या आत पित्तर घालत नसतात. तिनं ऐकून घेतलं आणि डाळ भिजत घालायची तयारी सुरू केली.

*

विमानतळावर त्या दिवसांत गवत कापायचं काम चालू होतं. ट्रॅक्टर पुढं जायचा, मागं किडे उडायचे आणि बगळे त्यामागं चालत यायचे. पाखरांच्या कामाला हाच महिना वाईट. सोमनाथला दम खायला फुरसत नव्हती.

एक लंगडा कावळा त्याला पहिल्यांदा भिंतीवर दिसला, ओढ्याच्या गजांच्या बरोबर वर. दिवस कलत होता, कडुबा बसायचा ती वेळ. सोमनाथनं शिट्टी मारली. बाकीचे उडाले, हा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो भिंतीच्या आत गवतात होता, आणखी काही दिवसांनी धावपट्टीच्या कडेला दिव्यापाशी. डावा पाय ओढत चालायचा. खात काही नव्हता. किडे समोरून उडाले तरी चोच उघडत नव्हता. नुसता चालायचा, नाकासमोर सरळ, मग ठरावीक जागी वळायचा आणि हातभर अंतर सोडून पुन्हा सरळ परत यायचा.

सोमनाथ ते बघायचा आणि हातातली शिट्टी फुंकायची राहून जायची. चाल कुणाची आहे हे त्याला कळत होतं. काय चाललंय हे मात्र कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

ऋतुराज म्हणजे धावपट्टीच्या सुरक्षेचा साहेब, गारखेड्याहून मोटारसायकलवर येणारा तरुण माणूस. चांगला होता, सोमनाथला अहोजाहो करायचा. एकदा जीप थांबवून तोही त्या कावळ्याकडं बघत राहिला. त्यानं स्वतः बॉम्ब लावला. पाच पावलांवर धडाका झाला, बगळे सैरावैरा पळाले, धूर विरला. कावळा तिथंच होता. त्यानं मान वळवून दोघांकडं बघितलं आणि पुन्हा चालायला लागला.

"हा शोधतोय काय?" ऋतुराज म्हणाला. सोमनाथ जळालेली सुतळी वेचायला लागला. जीप वळवताना ऋतुराजनं काच वर केली, एवढ्या उकाड्यात.

अवसेच्या आदल्या दिवशी सोमनाथनं हे सगळं मेघाला सांगितलं. तिनं पीठ मळून झाकून ठेवलं. मग उठली, खुंटीवरची कडुबाची गोफण काढली आणि गोट्यांच्या पिशवीतला एक गोटा. म्हणाली, "हे संगं ऱ्हाऊ द्या उद्या. मामंजीची वस्तू हाय. भ्याव वाटणार नाय."

*

सर्वपित्रीच्या सकाळी गोफण कमरेला गुंडाळून, वर शर्ट सोडून सोमनाथ कामावर निघाला. फाटकावर झडती घेणाऱ्या शिपायाला खिशातला गोटा लागला. त्यानं तो तळहातावर घेऊन बघितला. "पत्थर लेके ड्यूटी पे?" सोमनाथ म्हणाला, बाप का है, आज श्राद्ध है. शिपाई परगावचा होता. त्याचाही बाप नसावा, कारण त्यानं आणखी काही न विचारता गोटा परत दिला.

घरी सारजाबाईनं स्वयंपाक केला. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. केळीच्या पानावर सगळं वाढलं आणि ते टोपलीत ठेवून ती निघाली, पत्र्याकडं नाही, बाहेर. मेघानं विचारलं तर म्हणाली, "त्यो घरी येईना, तर त्याच्या रानात नेऊन वाढते. तितं लई कावळे हैत." मेघाला वाटलं, म्हातारी भिंतीपर्यंत जाईल, बाहेर पान ठेवील, येईल परत. तिनं अडवलं नाही.

सारजाबाई ओढ्यातून वाकून गजांपर्यंत गेली. कडुबाच्या दगडावर टेकली. मग गजांतून हात घालून तिनं पान आत सरकवलं, जेवढा हात पुरला तेवढं आत, कोरड्या गवतावर. पाणी फिरवलं. हात जोडले. विमानाचं तिच्या मनातही नव्हतं. नवऱ्याचं रान तेवढं तिला दिसत होतं.

सोमनाथ तेव्हा धावपट्टीच्या टोकाला त्याच्या जागेवर होता. मुंबईचं विमान यायची वेळ झाली होती. आधी त्याला आवाज आला नाही, सावली दिसली. गवतावरून सावल्या सरकत होत्या. त्यानं वर बघितलं तर कावळे येत होते, वाडीकडून, नदीकडून, औद्योगिक वसाहतीकडून, आणि ओरडत नव्हते. एवढे कावळे आणि आवाज नाही. ते भिंतीच्या आत उतरले, पानाभोवती मोठं रिंगण सोडून बसले. पानाला कुणी शिवलं नाही. बसता बसता रिंगण धावपट्टीच्या टोकापर्यंत पसरलं आणि टोकाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, अगदी मधोमध, तो लंगडा उभा होता.

वॉकीटॉकीवर ऋतुराजचा आवाज चढला. टॉवरनं विमानाला उतरू दिलं नाही. ते भिंतीवरून गडगडत वर गेलं आणि चिकलठाण्यावर वळसा घ्यायला लागलं. ऋतुराज जीप घेऊन आला. दोघांनी बॉम्ब लावले. दमट हवेत अर्धे फुसकेच गेले, वाजले त्यांनी कुणी उठलं नाही. शिट्ट्या झाल्या, जीपचा भोंगा झाला. जीप अंगावर घातली तर कावळे दोन पावलं सरकायचे आणि मागं पुन्हा बसायचे. ऋतुराजचा चेहरा पांढरा पडला होता. विमान दुसऱ्यांदा येतंय, तो म्हणाला, या वेळीही जमलं नाही तर ते मुंबईला परत जाईल, आणि येत असताना हे सगळे एकदम उठले तर काय होईल ते बोलायलाच नको.

तेव्हा सोमनाथला गजांमागं आईचं लुगडं दिसलं आणि तिच्यासमोर हिरवं पान. सगळं त्याच्या लक्षात आलं. त्याच क्षणी लंगड्यानंही पान बघितलं. तो पट्ट्यांवरून वळला आणि पहिल्यांदाच सरळ रेष सोडून पानाच्या दिशेनं पाय ओढत निघाला. रिंगणातल्या कावळ्यांनी त्याला वाट दिली.

इतके दिवस घर ज्याची वाट बघत होतं ते आता होत होतं. बाप जेवायला निघाला होता. सोमनाथनं एवढंच करायचं होतं, की काहीच करायचं नाही. पण तो धावपट्टी उतरून पानापर्यंत पोचेस्तोवर विमान आलं असतं. ढगाखाली त्याचे दिवे दिसायला लागले होते. आत माणसं होती.

सोमनाथनं शर्ट वर केला, गोफण सोडली, गोटा घातला. पहिला फेरा चुकला, दुसरा बसला. त्यानं तोंड उघडलं आणि लहानपणी मचाणाखाली उभं राहून शिकलेली, नंतर कधीच न दिलेली हाळी दिली. "हाऽऽऽ... हुर्रऽऽ हाऽऽऽ!" टोकाला ती फाटली, बापाची फाटायची तशीच. गोफण कडाडली, गोटा धावपट्टीवर टणकन वाजला.

आणि हाळीला उत्तर आलं. भिंतीकडून, तशीच चढत गेलेली, तशीच फाटलेली.

लंगडा थांबला. त्यानं सोमनाथकडं बघितलं. मग पंख उघडून उठला आणि त्याच्या मागोमाग सगळं रिंगण उठलं. ते विखुरलं नाही. ज्वारीतून उठलेली पाखरं जायची तसं ओढ्यावरून, भिंतीवरून थेट पलीकडं गेलं. विमानाची चाकं टेकली तेव्हा आभाळात एकही पाखरू नव्हतं. सोमनाथ गोफण हातात धरून हमसून हमसून रडत होता.

*

ऋतुराजनं आधी त्याला मिठी मारली. मग त्याचं लक्ष गोफणीकडं गेलं. "फेकलंत काय तुम्ही?"

"गोटा, साहेब."

"कुठं पडला?"

सोमनाथनं बोट दाखवलं. तिथं गोटा नव्हता. हेच विमान थोड्या वेळानं उडणार होतं, याच टोकाकडून. ऋतुराजनं गवत कापणाऱ्यांसकट हाती लागले ते सगळे ओळीनं उभे केले आणि धावपट्टी पावलापावलानं बघायला लावली. कडेचं गवत हातानं चाळलं. चुन्यानं पांढरा केलेला, लिंबाएवढा गोटा, आंधळ्यालाही दिसेल असा, तो कुठंच नव्हता. ऋतुराज हळू आवाजात म्हणाला, तो सापडल्याशिवाय मी विमान उडू देणार नाही आणि कारण विचारलं तर मला तुमचं नाव द्यावं लागेल. सोमनाथनं मान हलवली. साहेबांचं काही चुकत नव्हतं.

शोधत शोधत सोमनाथ भिंतीपर्यंत आला. तासातासानं चालत होता, टोकाला वळत होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. गजांपलीकडं सारजाबाई डोळ्यांवर पदर ओढून दगडावर बसली होती. पावलांचा आवाज ऐकूनही तिनं पदर काढला नाही.

"बापाला हाकललंस," ती म्हणाली. "जेवायला निघाला व्हता."

"व्हय, माय. बॉम्बला उठला नाय. हाळीला उठला." मग त्यानं विचारलं, "मागून तू वरडलीस का?"

"मी कामून वरडू? तूच दोनदा वरडलास."

सोमनाथनं भिंतीच्या माथ्याकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्याची नजर खाली गेली, दोघांच्या मधे पडलेल्या पानावर. हाळीनंतर एकही पाखरू मागं फिरलं नव्हतं, हे त्यानं आणि ऋतुराजनं डोळ्यांनी बघितलं होतं. पान स्वच्छ होतं. भाताचं शीत नव्हतं, खिरीचा ओघळ नव्हता. हात फिरवून पुसून घ्यावं तसं हिरवंगार पान.

त्यावर दोन गोटे ठेवलेले होते. एक आजचा, पांढराफेक. दुसऱ्याचा चुना कधीच गेला होता, खाचांमधे तेवढा उरला होता, आणि त्याला काळी माती चिकटलेली होती, ओली, जमिनीतून नुकती उकरून काढावी तशी.

सोमनाथ खाली बसला. त्यानं दोन्ही गोटे उचलले आणि जुना गजांतून आईच्या हातात दिला. सारजाबाईनं पदर बाजूला केला. गोटा उलटासुलटा करून बघितला, अंगठ्यानं माती पुसली. तिला ओळखायला वेळ लागला नाही. किती संध्याकाळी ती याच्यापायी भाकरी झाकून बसली होती. मग तिचं लक्ष पानाकडं गेलं आणि ती पानाकडं बघतच राहिली.

"शेवटचा घासबी ठिवला नाय," ती म्हणाली.

वॉकीटॉकी खरखरली. ऋतुराज विचारत होता, सापडला का. सोमनाथनं दोनदा बटण दाबलं आणि सोडलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "सापडला, साहेब. आत आता काय ऱ्हायलं नाय."